मिस ओपलच्या वडिलांचा चेहरा

हर्षाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन वर्षं त्या खेळाडूंची चित्रं काढूनसुद्धा कळत नव्हतं. कोण कुठल्या कोपऱ्यातून कुठल्या कोपऱ्यात कशाला पळतो, आणि पळून आला की बाकीचे एवढे का नाचतात, हे तिला तिच्या मुलीने, वल्लरीने, तीनदा समजावलं होतं. चौथ्यांदा त्या अकरा वर्षांच्या पोरीने हातच जोडले. "आई, नेव्हर माइंड लाह. यू जस्ट ड्रॉ." आणि पोरगी चुकीचं बोलत नव्हती. हर्षाला खेळ नकोच होता, तिला चेहरे हवे होते.

चेहरे शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन खेळाडूंचे. तिकडे एका लहानशा गावात जुन्या बेसबॉलच्या नादाने वेडी झालेली काही हौशी मंडळी होती. लोक विसरून गेलेल्या खेळाडूंची हाताने रंगवलेली कार्डं ती काढायची. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड, पुढे चित्र, मागे चार ओळींत त्या माणसाचा जन्म, खेळ आणि मरण. ठिकठिकाणचे चित्रकार ती फुकट रंगवून द्यायचे आणि बदल्यात छापलेला एक संच घरी यायचा. हर्षाचा नवरा प्रमोद सिंगापुरात वन-नॉर्थला संशोधक होता. त्याच्या एका अमेरिकन सहकाऱ्याला ही कार्डं जमवायचा शौक. तो एकदा जेवायला आला आणि त्याने खिशातून एक कार्ड काढून दाखवलं. हर्षाने आमटीतला डाव तसाच सोडला आणि कार्ड हातात घेतलं. "हे मी याच्यापेक्षा चांगलं काढीन," ती मराठीत म्हणाली. प्रमोदने ते इंग्रजीत जरा सौम्य करून सांगितलं.

फुकट होतं म्हणूनच तिला जमत होतं, बरं का. नोकरीच्या पासवर राहणाऱ्या परदेशी माणसाला इथे नोकरीबाहेर दुसरी कमाई चालत नाही. जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात ती दिवसभर कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढायची. जिने, खांब, संडासाच्या पाइपांच्या रेघा. ते पोटासाठी. शनिवार-रविवार मात्र तोआ पायोहच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ती बसायची. एका हातात सगळ्यात बारीक ब्रश, दुसऱ्यात भिंग. इथली हवा ही अशी दमट. रंग वाळता वाळायचा नाही आणि कार्ड पापडासारखं वाकडं व्हायचं. मग हेअर ड्रायर घेऊन बसायचं. तेवढ्या वेळात घरात कुणी तिच्या वाटेला जायचं नाही.

हे सगळं आलं होतं वडिलांकडून. खडकीत त्यांचं 'सुरेश आर्ट्स' नावाचं खोपटं होतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी, जयंतीचे बॅनर, पडेल ते काम. पण सुरेश पेंटरचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ज्या घरातलं माणूस फोटो न काढताच गेलं, त्या घरचे लोक त्यांना शोधत यायचे. सुरेश त्या घरी जायचे, चहा घ्यायचे, आणि गेलेल्या माणसाच्या भावंडांना, पोरांना समोर ओळीने बसवायचे. नाक थोरल्याने नेलंय का? कान कुणाकडे आलेत? हसताना ओठ कुठल्या बाजूला जायचा? दोन-दोन तास अशी विचारपूस चालायची. आठ दिवसांनी चित्र कापडात गुंडाळून यायचं. कापड बाजूला केलं की घरातली बाई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसायची. लहानगी हर्षा पप्पांचं बोट धरून उभी असायची. आपले पप्पा मेलेली माणसं परत आणतात, अशी तिची खात्रीच होती.

तर २०१४च्या फेब्रुवारीत त्या अमेरिकन मंडळींच्या संपादकाची मेल आली. तोवर हर्षाची चौदा कार्डं झाली होती. पंधरावा खेळाडू होता एझ्रा टॉलिव्हर. गोऱ्यांच्या संघांत ज्यांना पाऊल ठेवू देत नसत, त्या काळ्या लोकांनी आपापले संघ काढले होते. तसल्या एका संघातून हा खेळला होता. जुन्या वर्तमानपत्रांत धावांच्या यादीत त्याचं नाव सापडत होतं, बाकी काही नाही. १९२६ साली तो न्यूमोनियाने गेला. पुढच्याच वर्षी नदीला पूर आला आणि फोटो ठेवलेली ट्रंक घरासकट वाहून गेली. अशा खेळाडूला एरवी पाठमोरा काढून मोकळे व्हायचे. पण या एझ्राची मुलगी अजून होती. मिस ओपल, गावातले सगळे तिला मानाने असंच म्हणत. येत्या मे महिन्यात तिला ब्याण्णव पुरी होणार होती.

मेलसोबत मिस ओपलच्या नातीचं, लोरेनचं, पत्र होतं. वडील गेले तेव्हा आजी चार वर्षांची होती, असं तिने लिहिलं होतं. तिला त्यांचं एकच आठवतं. संध्याकाळी ते तिला उचलून कंदिलाजवळ न्यायचे आणि फुंकर मारून विझव म्हणायचे. फुंकण्याआधी ती वळून त्यांच्या तोंडाकडे बघायची. तो चेहरा आजीने अठ्ठ्याऐंशी वर्षं जपलाय. कसा होता ते तिला सांगता येत नाही, विचारलं की रडायला लागते. पण समोर आला तर मी ओळखीन, म्हणते. आता तिची तब्येत ढासळलीय. जायच्या आधी एकदा तो चेहरा उघड्या डोळ्यांनी बघायचाय, एवढीच तिची इच्छा आहे. तुमच्याकडून होईल का?

हर्षाने पत्र दोनदा वाचलं आणि प्रमोदच्या पाठीत गुद्दाच घातला. "अरे, हे काम माझंच आहे! या लोकांना हे येतच नाही. हे पप्पांनी मला शिकवलंय!"

त्याच दिवशी तिने वही घेतली आणि पप्पांच्या पद्धतीने प्रश्न काढले. अकरा प्रश्न. कपाळ रुंद होतं की केस खाली आले होते? भुवया जुळलेल्या होत्या का? नाक कुणाकडे आलंय? कान डोक्याला चिकटलेले की बाहेर आलेले? हनुवटी, दात, मान, उभं राहायची ढब, हसायची तऱ्हा, सगळं विचारलं. घरातले जे कुणी चेहऱ्याने त्याच्यावर गेले असतील त्या सगळ्यांचे फोटो मागवले.

एक प्रश्न तिने विचारला नाही. सुरेश पेंटर जो सगळ्यात आधी विचारायचे, तोच. रंग कसा होता?

आता ही बाई विसरली असं समजू नका. ती विसरली नव्हती. तिने ठरवून विचारला नव्हता, आणि का ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुरेश पेंटर रंग विचारायचे, वहीत लिहायचे, आणि दहातल्या नऊ घरांतून एकच उत्तर यायचं. "सावळे होते हो, पण तुम्ही जरा उजळच करा." सुरेश करायचे. गिऱ्हाइकाला कशाला दुखवायचं? हर्षाला तेव्हाही ते आवडायचं नाही. पुढे २०१२ साली सुरेश स्वतः गेले. हर्षा सिंगापूरहून धावतपळत घरी पोचली, तर भिंतीवर हारामागे कुणी भलताच गोरापान गृहस्थ हसत होता. तिच्या भावाने, चंद्रशेखरने, शहरातल्या स्टुडिओतून फोटो करून आणला होता. पप्पा काळे होते. चांगले काळेभोर, ऊन लागलं की कपाळ चकाकायचं असे. "हे कोण लावलंयस तू?" तिने विचारलं. "अगं, फोटो जरा बरा नको दिसायला? चार लोक येतात घरी," चंद्रशेखर म्हणाला. जलदान विधीला आलेल्या माणसांसमोर भावाबहिणीचं वाजलं. आई कमलाबाई मध्ये पडल्या म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून हर्षा भावाशी कामापुरतंच बोलायची.

आणि दुसरी गोष्ट तिची स्वतःची. हर्षा दिसायला गोरी, आईवर गेलेली. जन्मभर तिने एक वाक्य ऐकलं होतं. इथेही एका हळदीकुंकवाला विचारलं म्हणून तिने आडनाव सांगितलं, गावातला भाग सांगितला, आणि यजमानीण अरुणाताईंचा वाण देणारा हात क्षणभर थबकला. मग त्या अगदी तोंडभर हसून म्हणाल्या, "अय्या, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो अजिबात!" कौतुक म्हणून म्हणाल्या, बघा. हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती हसली आणि वाण घेऊन घरी आली. हा फ्लॅट मिळाला तेव्हाही तेच. मालकाला इंडियन भाडेकरू नको होते. एजंटने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "यू नॉट सो डार्क. कॅन, कॅन." काळासावळा प्रमोद दुसऱ्या दिवशी आला तोवर सह्या झाल्या होत्या.

म्हणून तिने तो प्रश्न वहीत लिहिलाच नाही. ज्या माणसाला रंगापायी मैदानाबाहेर ठेवलं, त्याच्या पोरीला मी रंग विचारू? तो काळा होता. मी त्याला काळाच काढणार, आणि एक छटासुद्धा उजळ करणार नाही. असं तिने मनाशी पक्कं केलं आणि तिला फार बरं वाटलं.

प्रमोदला शंका आली होती. सकाळी दोघं एकत्रच निघायचे. बिशानला गाडी बदलून बुओना व्हिस्टापर्यंत सोबत, तिथे हर्षा जुरोंगच्या गाडीसाठी उतरायची आणि प्रमोद एक स्टेशन पुढे जायचा. त्या गाडीत त्याने विचारलं, "सगळं विचारलंस ना? रंगाचं?"

"त्यात काय विचारायचंय?"

"नाही, पप्पा आधी तेच विचारायचे, म्हणून म्हटलं."

"विचारायचे, आणि मग काय करायचे ते ठाऊक आहे ना तुला?" ती एवढ्या जोरात म्हणाली की समोरचा माणूस फोनमधून मान वर काढून बघायला लागला. बायकोचं या बाबतीत कुठे दुखतं ते प्रमोदला माहीत होतं, आणि त्या जागेला त्याने हात लावायचं टाळलं. चूक त्याचीही होतीच म्हणायची.

पंधरा दिवसांत उत्तरं आली. अकराच्या अकरा, एकेका प्रश्नाखाली नीट लिहिलेली. मिस ओपलच्या एका म्हाताऱ्या चुलत बहिणीने स्वतःच्या आईकडून ऐकलेलंही सगळं सांगितलं होतं. नाक मिस ओपलकडे आलं होतं, कान लोरेनच्या वडिलांकडे, आणि हसताना डावा गाल आधी वर जायचा. फोटोही आले. मिस ओपल आणि तिचा मुलगा, दोघंही गडद वर्णाचे. हर्षाची उरलीसुरली शंकाही मिटली. मिस ओपलने रंग आईकडून घेतला असेल, हे तिच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. स्वतः बापाचं नाक आणि आईचा रंग घेऊन चाळीस वर्षं जगलेली बाई ही!

पेन्सिलीचं काम तिने मन लावून केलं. सहा वेळा खोडलं, सातव्यांदा चेहरा बसला. तो तिने लोरेनला पाठवला, आजीला दाखवू नका अशी ताकीद देऊन. वडिलांची रीत होती ती, कापड एकदाच काढायचं. लोरेनचं उलट टपाली उत्तर आलं. बाबा बघतच राहिले, कान तर अगदी त्यांचेच आहेत, आम्ही सगळे रडलो. हर्षाही ते वाचून रडली. कमलाबाईंना फोन करून तिने सांगितलं, "आई, पप्पांचा हात आलाय माझ्या हातात." कमलाबाई पलीकडून "हो गं बाई" एवढंच म्हणाल्या.

मग रंग. तीन शनिवार लागले. तिने पप्पांचाच रंग दिला त्याला. कपाळावर ऊन पडलेली ती चकाकीसुद्धा. भिंगाखाली एकेक थर चढवताना ती इतकी सुखात होती की गॅसवरचा भात दोनदा लागला. वल्लरी खांद्यावरून डोकावली. "वाह, सो ब्लॅक! दे टोल्ड यू, इज इट?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला माहितीये."

"हाऊ यू नो?"

"वल्लरी, आत जा. अभ्यास कर."

संपादकाला चित्र बेहद्द आवडलं. आजवरचं सगळ्यात जिवंत कार्ड, असं त्याने लिहिलं. मूळ कार्ड हर्षाने तोआ पायोहच्या पोस्टातून थेट मिस ओपलच्या पत्त्यावर पाठवलं, पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून. वाढदिवसाच्या चार दिवस आधी ते पोचलं. लोरेनने तसं कळवलं आणि लिहिलं, सगळे जमणार आहोत, केक सांगितलाय.

वाढदिवस झाला. एक दिवस गेला, दोन गेले. हर्षा ऑफिसात पाइपांच्या रेघा ओढता ओढता फोन बघायची. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, फार रडारड झाली असेल, लिहायला सुचत नसेल. चौथ्या दिवशी मेल आली. जुरोंग ईस्टच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या तिने ती उघडली.

लोरेनने फार जपून लिहिलं होतं. आजीने स्वतःच्या हाताने कापड उघडलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "देखणा आहे. कोण आहे हा?" बाबांनी सांगितलं, हे तुझे वडील. ती म्हणाली, "नाही रे. त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी पाठवलंय. चुकून झालं असेल, त्यांना कळव बिचाऱ्यांना."

पुढे लिहिलं होतं, तुम्हाला हे माहीत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पणजोबा काळ्यांतलेच, पण दिसायला गोरे होते. केस तांबूस, डोळे करडे. इतके गोरे की एका गोऱ्यांच्या संघाने त्यांना आपल्यातला समजून संघात घेतलं आणि ते तिथे दोन हंगाम खेळले. तिसऱ्या हंगामात त्यांच्या गावचा एक माणूस सामना बघायला आला, त्याने ओळखलं आणि जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान मैदानाबाहेर काढून ठेवलेलं होतं. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून वेगळं लिहायचं सुचलं नाही. तुम्ही अकरा गोष्टी विचारल्या, आम्ही अकरा सांगितल्या. शेवटी एक ओळ होती. लोक त्यांना आयुष्यभर म्हणायचे, तुझ्याकडे बघून वाटत नाही.

हर्षासमोरून तीन गाड्या गेल्या. ती तिथेच उभी होती. तोंडात मारल्यासारखं झालं म्हणतात ना, तसंच झालं तिला, आणि मारणारीही तीच होती. अरुणाताईंनी निदान तोंडावर विचारलं तरी होतं. हिने न विचारताच एका माणसाला त्याच्या लोकांच्या नावाचा रंग फासला होता. काळ्यांच्या संघातला ना, मग काळाच असणार! ज्या वाक्याने तिला आयुष्यभर जाळलं, तेच ती एका मेलेल्या माणसाला म्हणाली होती, आणि वर त्यात पुण्य केल्यासारखी मिरवली होती. तिला स्वतःची शिसारी आली.

घरी येऊन तिने प्रमोदच्या हातात फोन दिला. त्याने वाचलं. "मी विचारलं होतं" असं तो म्हणू शकला असता, पण म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. तो एवढंच म्हणाला, "आता विचार, हर्षा. आत्ता विचार."

तिने विचारलं. माफी मागितली आणि रंग विचारला. त्या म्हाताऱ्या चुलत बहिणीने आईकडून ऐकलेलं सांगितलं. दूध जास्त पडलेल्या चहासारखा रंग, उन्हात गेलं की नाकावर ठिपके. हर्षाने ऑफिसातून रजा टाकली आणि पाच दिवसांत दुसरं कार्ड केलं. तोच चेहरा, तेच कान, तोच डावा गाल, रंग दुसरा. रंगवताना या खेपेला सुख नव्हतं. मधेमधे ती उठून पाणी पिऊन यायची आणि परत बसायची. म्हातारी तोवर राहील ना, एवढा एकच विचार. कुरियरने कार्ड गेलं. म्हातारी राहिली. लोरेनने कळवलं, आजीला तुमच्याशी बोलायचंय, शनिवारी सकाळी स्काइपवर याल का? तुमची सकाळ म्हणजे आमची शुक्रवारची संध्याकाळ.

शनिवारी सकाळी आठला हर्षा त्याच टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसली. शेजारी प्रमोद. पडद्यावर उशांना टेकवलेली एक बारकीशी म्हातारी दिसली, तिच्या दोन हातांत दोन कार्डं होती. नाक खरंच तेच होतं.

हर्षा माफी मागायला लागली. म्हातारीने हात हलवून तिला थांबवलं. "रडू नको, पोरी. इतक्या लांबून दोनदा मेहनत केलीस. तुझ्यावर माझा राग नाही." आवाज फार हळू होता, कान देऊन ऐकावं लागत होतं.

"हे दुसरं बरोबर आहे का हो?" हर्षाने विचारलं. "तुम्ही ओळखलंत का?"

म्हातारीने दोन्ही कार्डं आळीपाळीने पाहिली. मग म्हणाली, "तेच तर सांगायचं होतं तुला. ते पहिलं कार्ड आलं, तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की हा माझा बाप नव्हे. पण कुणीतरी एवढं प्रेमाने पाठवलेलं, ते टाकून कसं द्यायचं? उशाशी ठेवलं. रोज येता-जाता बघत होते. तीन आठवडे बघितलं. आता मी डोळे मिटून कंदिलाकडे जाते ना, तर मला उचलून धरलेला असतो तो हा." तिने काळा एझ्रा वर केला. "परवा हे दुसरं आलं. मी पुन्हा डोळे मिटले. तर कधी हा येतो, कधी तो येतो. माझा होता तो येत नाही. फार बोलावलं मी त्याला. अठ्ठ्याऐंशी वर्षं माझ्याजवळ होता, गं."

प्रमोदने टेबलाखाली हर्षाचा हात घट्ट धरला. तिकडे लोरेन तोंड फिरवून उभी होती.

"म्हणून तुलाच विचारते," म्हातारी म्हणाली. तिने दोन्ही कार्डं पडद्याजवळ आणली. "तू चित्रकार आहेस. मला आता कळत नाही. यातला माझा बाप कुठला?"

हर्षाने दोन्ही चेहऱ्यांकडे पाहिलं. दोन्ही तिनेच केले होते. सहा वेळा खोडून, सातव्यांदा, ऐकीव कान आणि ऐकीव हसू जोडून. त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं आणि ज्या एकाच जिवंत माणसाने पाहिलं होतं, ते आता तिला विचारत होतं.

"दुसरा," ती म्हणाली. "गोरा आहे तो."

"नक्की ना?"

"नक्की."

"बरं." म्हातारीने पहिलं कार्ड पांघरुणावर पालथं ठेवलं. दुसरं दोन्ही हातांत धरून डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, आणि ओठ हलवत, कपाळापासून सुरुवात करून, ती तो चेहरा पाठ करायला लागली.